डोळा कुठे अडतो

९ जानेवारी, विंडवर्ड गाव, कॅरियाकू बेट

मामाने आज सकाळी मला वाळूत उभं केलं, समोरच्या लांबलचक तुळईकडे हात केला आणि विचारलं, काय दिसतंय. मी म्हटलं, लाकूड. तो म्हणाला, तेवढं लिनफर्डच्या बोकडालाही दिसतं. मग तो कामाला लागला आणि जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

ही तुळई म्हणजे कॅप्टन ॲस्बर्टच्या नव्या बोटीचा कणा. पाण्यात टाकलं तर सरळ तळाला जाईल इतकं जड लाकूड, गयानाहून आलेलं. परवा कणा मांडला तेव्हा मामाने त्यावर रम शिंपडली, मामीने पाणी आणि तांदूळ टाकले आणि गावातल्या गेलेल्या सगळ्या बोटसुतारांची नावं घेतली. त्यात माझे आजोबाही होते. मी नुकतीच राजधानीतून, सेंट जॉर्जेसहून, येऊन उतरले होते, पायात अजून ऑफिसचे बूट. नाव ऐकलं आणि मला एकदम रडू आलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

नोकरी सोडली हे इथे एकदाचं लिहून ठेवते, कारण आईला फोनवर सांगताना माझी बोबडी वळली. विमा कचेरीत माझं काम एकच होतं, लोकांना नाही म्हणायचं. वादळात ज्या बाईचं छप्पर गेलं तिला समजावायचं की बाई, छप्पर वाऱ्याने नाही, पावसाने गेलं, आणि पावसाचे पैसे मिळत नाहीत. हे मी फार गोड आवाजात करायचे. माझ्या गोड आवाजाबद्दल मला बढतीही मिळाली. मग एक दिवस एक म्हातारा नाही ऐकून मला थँक्यू म्हणाला, आणि मला माझीच किळस आली.

आई म्हणाली, चौतिसाव्या वर्षी सुतारकी शिकायला निघालीस, अक्कल गहाण ठेवलीस का. मी म्हटलं, लहानपणी सुट्टीत मी तिथे बोट पाण्यात जाताना पाहिली होती, त्यानंतर मी एवढं मोठं काही पाहिलेलं नाही. आईने फोन ठेवला.

१४ जानेवारी

इथे नकाशा नाही, आराखडा नाही, कागदाचा एक कपटा नाही. मी विचारलं, मग बोटीचा आकार कुठे आहे? लिनफर्ड म्हणाला, "तुझ्या अंकलच्या डोळ्यात." लिनफर्ड हा मामाचा जुना जोडीदार. पाठीतून वाकलेला, तोंडाने मात्र कुणापुढे वाकत नाही. रोज सकाळी मला पाहिलं की मोठ्याने विचारतो, "इयान्थी, आज काय दिसलं?" आता दुकानातली बाई, जाळी विणणारे, शाळेत निघालेली पोरं, सगळे तेच विचारतात. शहरातून आलेल्या शहाणीची थट्टा चाललीय, चालू दे. मी रोज म्हणते, तुमचं तोंड दिसलं, दिवस वाया गेला.

मामा स्वतः भलता शिष्ट झालाय. काल रस्त्यात मी समोरून आले, हात हलवला, तर हा सरळ पुढे. मी हाक मारल्यावर म्हणतो, अगं तू होय. पूर्वी किती खेळकर होता. डॉमिनोचा खेळही सोडलाय, म्हणतो पोरं फसवतात.

२ फेब्रुवारी

आज डोंगरावर. देवदाराची झाडं धुंडाळायला. हा इथला पांढरा देवदार, समुद्राच्या वाऱ्याने वाकडातिकडा वाढलेला. बोटीच्या फासळ्या सरळ लाकूड वाकवून करत नाहीत. जन्मापासून जेवढं वाकलंय तेवढंच लाकूड शोधायचं. एकेका फासळीसाठी एकेक झाड.

मामा रानात गेला की हळू चालतो. मला पुढे घालतो आणि आपण माझ्या पाठीला चिकटून. म्हणतो, जुने गुडघे. एका झाडापाशी थांबून त्याने दोन्ही हातांनी खोड चाचपलं, वरपासून खालपर्यंत, आणि विचारलं, हे कुठे बसेल? मला काही दिसेना. त्याने मला तिथेच बसवलं. लिनफर्ड आणि तो भाकरी खात बसले, मला नाही दिली.

आणि मग दिसलं. हे कसं लिहू? एका फांदीचा बाक मला एकदम बोटीच्या पोटात दिसला, पुढून चौथ्या जागी, डाव्या बाजूला. झाड तिथेच होतं, पानं हलत होती, आणि त्याच्या आत फासळी होती. ती कितीतरी वर्षांपासून तिथे वाढत होती, मी कचेरीत नाही नाही म्हणत होते तेव्हाही वाढत होती. मी सांगितलं तर मामाने नुसतं, "तोड," म्हटलं आणि करवत माझ्या हातात दिली.

भाकरी मात्र तोवर संपली होती.

२० फेब्रुवारी

फासळ्या उभ्या राहिल्या. आता वाळूत उताण्या पडलेल्या मोठ्या माशाचा सांगाडा दिसतो. आज त्यांच्यावरून लांब लवचीक पट्टी बांधली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. मामाने मला पुढच्या टोकाला डोळा लावून उभं केलं आणि विचारलं, "डोळा कुठे अडतो?"

इथे सगळं काम या प्रश्नावर चालतं. रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जायला हवी. कुठे अडली तर तिथली फासळी तासायची किंवा खाली पाचर घालायची. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. मामा म्हणाला, पुन्हा बघ. पुन्हा पाहिलं. पुन्हा बघ. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मी चिडून म्हटलं, मागच्या बाजूला अडतं, शेवटच्या तीन फासळ्यांत, पोट फार सुटलंय. त्याने जाऊन तिथे तळवा फिरवला, कितीतरी वेळ. मग म्हणाला, हाताला तर बरं लागतंय. मी म्हटलं, मग हाताचं ऐक, मला कशाला विचारतोस. लिनफर्ड खोकला. मामा म्हणाला, "हाताला जवळचं कळतं. लांबचं डोळ्यालाच कळतं. तास."

आम्ही दोन दिवस मागच्या फासळ्या तासणार. उगीच बोलले असं वाटतंय. त्याला आधीपासून माहीत असेल, माझी परीक्षा घेत असेल. स्वतः एकदाही डोळा लावून पाहत नाही, एवढा मिजाशीत.

पण पहिल्या फासळीनंतर मी पुन्हा पाहिलं तेव्हा रेघ थोडी सुटली होती. कुणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. मी अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाही.

६ मार्च

आज भांडण. मामाची हत्यारं जिथे तिथे पडलेली असतात, म्हणून सकाळी लवकर जाऊन मी ती सगळी पुसली, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवली, फळीवर खिळे ठोकून. कचेरीची सवय. मामा आला, नेहमीच्या जागी हात घातला, तिथे तासणी नव्हती. आणि तो असा ओरडला की जाळी विणणारे उठून उभे राहिले. म्हणाला, माझ्या वस्तूला हात लावलास तर याद राख. मी म्हटलं, समोर टांगलीय, दिसत नाही का? त्यावर त्याने पाठ फिरवली. मग पाय घसरून रंगाच्या डब्यावर गेला, डबा उलटला, आणि तो तसाच घरी निघून गेला.

एवढ्यासाठी मी नोकरी सोडली? कचेरीतून साहेबांचा फोन आलाय, ईस्टरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो म्हणाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बॅग भरली. उद्याच्या बोटीने जाते.

७ मार्च

गेले नाही.

सकाळी मामी कोको-टी घेऊन खोलीत आली. बॅगेकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. म्हणाली, "उद्या पहिली फळी चढवायची आहे. तू नसलीस तर चढणार नाही."

मी म्हटलं, गावात माणसं काय कमी आहेत, लिनफर्ड आहे, कॅप्टनची मुलं आहेत. मामी म्हणाली, "उचलणारे आहेत." आणि तिने माझे बूट बॅगेतून काढून दाराबाहेर ठेवले. मामी दमेकरी, तिला फार बोलायला होत नाही, म्हणून मी वाद घातला नाही. हत्यारं जशी पडलेली होती तशी आठवून आठवून परत पाडून ठेवली. मामाने हात घातला, तासणी लागली. जेवताना त्याने आपल्या ताटातला माशाचा तुकडा माझ्या ताटात टाकला. मामी रोज त्याचं ताट एकाच तऱ्हेने वाढते, मासा उजवीकडे, मक्याच्या पिठाचं कू-कू डावीकडे, डाळ वर. इतकं लाडावून ठेवल्यावर माणूस हेकट होणारच.

ईस्टरनंतरचा मंगळवार

खुर्चीचा दिवस आला आणि गेला. मी त्या वेळी बोटीच्या पोटात आडवी पडून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होते. फटीतून उन्हाच्या बारीक रेघा येत होत्या. मी ठोकत जाईन तशा त्या एकेक करून विझत होत्या, आणि शेवटची विझली तेव्हा मी पूर्ण अंधारात होते, आणि तो अंधार बोटीचा होता. आजोबांनीही हे पाहिलं असेल. मी तिथेच पडून राहिले. लिनफर्डने बाहेरून हाक मारली, "आज काय दिसलं?" मी म्हटलं, काहीच नाही. तो म्हणाला, झकास, म्हणजे गळणार नाही.

साहेबांना फोन केलाच नाही.

११ मे

बोट रंगवली, पांढरी. आज पाण्याची रेघ मारायची होती. बोटीने अजून पाणी पाहिलेलं नाही, पण पाणी तिच्या अंगावर कुठवर येईल ते सुताराने आधी सांगायचं आणि तिथे लाल रेघ मारायची. विंडवर्डमध्ये सुताराची अब्रू याच रेघेवर. वीस वर्षांपूर्वी कुणा सुताराची बोट रेघेखाली बसली, तर आजही त्याच्या नातवाला पोरं बुडक्या म्हणतात.

मामाने पुढच्या टोकावर हात फिरवून अंगठा टेकवला, म्हणाला इथे. मग बाजूने हात घासत घासत मागे गेला आणि तिथे अंगठा टेकवला. म्हणाला, समुद्राच्या रेषेवर डोळा ठेव आणि दोन्ही जोड.

मी लांब जाऊन पाहिलं. आणि मला पटेना. मागचं पोट आपण फेब्रुवारीत तासलंय, तिथे तिला तरंगायला आधार कमी, ती मागे जास्त बसेल. मामाचा अंगठा जुन्या बोटींच्या सवयीने पडलाय. पण हे तोंडातून काढायचं कसं? कॅप्टन ॲस्बर्ट तिथेच उभा होता, हाताची घडी घालून. आयुष्यभर मामाच्याच हातच्या बोटी चालवलेला माणूस.

मी म्हटलं, मामा, मागे वर घ्यायला हवी. दोन बोटं.

कॅप्टन मामाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मामाने विचारलं, "तुझा डोळा म्हणतोय की तुझं डोकं?"

मी म्हटलं, डोळा.

"मग मार."

मारली. लाल रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या हाताने. आता घरी येऊन स्वतःचा हात समोर धरून बघतेय. दोन बोटं! चार महिने लाकूड हाताळलेली बाई मी, आणि त्या माणसाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. चुकलं तर बोट बुडकी, आणि लोक माझं नाव घेणार नाहीत, मामाचं घेतील. त्याने मला थांबवलं का नाही? मी तोंडावर आपटावं असं वाटतंय की काय त्याला? मामीला विचारलं तर म्हणाली, जेव आणि झोप.

२४ मे, रविवार

आज बोट पाण्यात गेली. क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

कालपासून गाव शिजवत होतं. पूर्वजांचं ताट मामीने खोलीत मांडून दार लावून घेतलं. सकाळी फादरने पाणी शिंपडलं, कॅप्टनने रम. पुढच्या टोकावर मेंढा कापला. ढोल सुरू झाले. सगळा कॅरियाकू किनाऱ्यावर लोटला होता, आईसुद्धा पहाटेच्या बोटीने आली होती, माझ्याशी न बोलता मामीशेजारी जाऊन बसली.

बोट दोन्ही बाजूंनी टेकूंवर उभी होती. आता एका बाजूचे टेकू कुऱ्हाडीने थोडे थोडे तोडायचे, म्हणजे ती हळू कलते आणि कुशीवर झोपते, मग ओंडक्यांवरून ओढत न्यायची. कुठला टेकू कधी तोडायचा ते फक्त सुतार सांगतो. एक घाव चुकला तर ती धाडकन पडेल, फासळ्या मोडतील, आणि खाली माणसं असतात.

मामाने मला हाताशी उभं केलं. म्हणाला, ती कुठे कलते ते मला हळू सांगत राहा. मी सांगायला लागले. "पुढून कलतेय." मामा ओरडला, "मागचा तोडा!" मी म्हटलं, "थांबली." तो ओरडला, "थांबा!" मी म्हटलं, "मधला वाकतोय, लिनफर्डच्या बाजूचा." मामा ओरडला, "लिनफर्ड, बाहेर ये!" लिनफर्ड बाहेर आला आणि टेकू मोडला.

तेव्हा मी वळून मामाकडे पाहिलं. बोट आमच्यापासून हाताच्या अंतरावर होती. आणि मामा भलतीकडेच बघत होता, समुद्राच्या बाजूला, मान माझ्या आवाजाकडे कलती करून.

मला सगळं एका क्षणात कळलं. डॉमिनो, रंगाचा डबा, तासणी, ताट, माझ्या पाठीला चिकटून चालणं. मी त्याला विचारलं होतं, दिसत नाही का.

माझी वाचा बसली. कुऱ्हाडी थांबल्या. ढोल थांबले. मी गर्दीकडे पाहिलं तर एकही माणूस मामाकडे बघत नव्हता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, मी काय सांगते त्याची वाट बघत. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कॅप्टन ॲस्बर्टलासुद्धा.

मामा हळूच म्हणाला, "बोल गं. मी तुझ्या भरवशावर ओरडतोय."

मी बोलले. कशी ते आठवत नाही. बोट वाळूवर आडवी झाली, एखादी म्हैस बसते तशी, हळू, स्वतःच्या मर्जीने. मग दोर, आणि दोरावर शेकडो हात, आणि एकाने गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं. मीही ओढत होते, रडत होते, तोंडात वाळू. पाण्यात शिरली आणि ती उठून सरळ झाली. तेव्हा कॅप्टनने झेंडा उलगडला, त्यावर नाव होतं लेडी ऑगस्टा, त्याच्या आईचं.

मामी माझ्याशेजारी गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणाली, कडेकडेने अंधार आत येत गेला, डॉक्टरने हात टेकले. मी म्हटलं, तू मला एका शब्दाने सांगायचं होतंस. मामी म्हणाली, "सांगितलं असतं तर तू त्याच्याकडे बघत बसली असतीस. बोटीकडे कोण बघणार होतं?"

आणि अजून रेघ बाकी होती. लोकांनी रांग लावली आणि तोल राखणारे दगड हातोहात बोटीत चढवले, तिच्या पोटात, मधोमध. ती खाली बसत गेली. मी गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून लाल रेघेकडे बघत होते. पुढे पाणी रेघेपर्यंत आलं. मागे अजून नाही. आणखी दगड. किनाऱ्यावर मामा खुर्चीत बसला होता, टोपी गुडघ्यावर. कॅप्टनने शेवटचे दगड रचले. मागचं टोक दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं.

मामाने विचारलं, "इयान्थी, पाणी कुठे आहे?"

मी म्हटलं, "रेघेवर, मामा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्याने टोपी घातली, उठला, आणि चालत पाण्यात आला, कपड्यांसकट, आवाजाच्या दिशेने. मी त्याचा हात धरून बोटीच्या मागच्या टोकावर ठेवला, जिथे लाकूड संपून पाणी सुरू होतं तिथे. त्याने तो तिथेच ठेवला.

२६ मे

आई सेंट जॉर्जेसला परत गेली. जाताना माझे ऑफिसचे बूट घेऊन गेली, म्हणाली, मला होतात.

कॅप्टनच्या भावाला बोट हवीय. सकाळी डोंगरावर निघालो. मी पुढे, मामाचा हात माझ्या खांद्यावर, उघडपणे. दुकानाच्या बाईने विचारलं, "इयान्थी, आज काय दिसलं?" मी थांबले. म्हटलं, अजून काही नाही, परत येताना सांगते. ती म्हणाली, बसते मी इथेच.

वर पोचल्यावर मामाने पाठ झाडाला टेकली, डोळे मिटले आणि विचारलं, "काय दिसतंय?"

मी सांगायला लागले. सांगून संपेपर्यंत दुपार झाली.